पोच

माझे वडील नगरपालिकेत कारकून होते. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी आवक-जावकच्या टेबलावर काढली. दारातून आत गेलं की डाव्या हाताला ते टेबल. त्यावर लाल कापडी बांधणीची जाड नोंदवही, जांभळ्या शाईचं पॅड, तारखेचा शिक्का आणि सुतळीनं बांधलेलं पेन. लोक अर्ज घेऊन यायचे, टेबलावर ठेवायचे आणि वळायचे. नाना त्यांना हाक मारून थांबवायचे. "पोच घेऊन जा." बऱ्याच जणांनी दुसरी प्रत आणलेलीच नसायची. मग नाना एखाद्या पाठकोऱ्या चिठोऱ्यावर विषय लिहायचे, आवक क्रमांक घालायचे, शिक्का मारून तो त्यांच्या हातात द्यायचे. "हा जपा. अर्ज हरवला तर दुसरा लिहिता येईल, हा हरवू नका."

कचेरीत सगळ्यांनाच हे आवडायचं असं नाही. पोच दिली की अर्ज आल्याचं कबूल केल्यासारखं होतं, आणि कबूल केलं की उत्तर देणं आलं. नाना घरी यावर फारसं बोलत नसत. बोटांना लागलेली शाई मात्र ते रोज संध्याकाळी राखेनं घासायचे.

आमच्या घरात हा शब्द आजीच्या तोंडी वेगळ्या अर्थानं यायचा. एखाद्याबद्दल ती म्हणायची, "त्याला पोच नाही गं." म्हणजे समोरच्याची अडचण ओळखण्याची, कुठं काय बोलावं याची समज नाही. लहानपणी मला वाटायचं, ही समज नाना कचेरीत शिक्का मारून वाटतात. पुढं व्याकरण शिकले, शिकवलंही, तरी ते दोन अर्थ माझ्या मनात कधी पुरते वेगळे झाले नाहीत.

मी याच गावात शाळेत शिकवते. इतिहास आणि त्याला जोडून येणारं नागरिकशास्त्र. आमचं गाव तालुक्याचं, नगरपरिषदेचं. आठवड्याचा बाजार, रोजची मंडई, एसटी स्टँड, दोन महाविद्यालयं. ही गोष्ट मंडईतली आहे.

२०२० च्या उन्हाळ्यात गर्दी टाळण्यासाठी गावोगावच्या मंडया मैदानांवर हलवल्या होत्या, तशी आमची मंडई शाळेच्या मैदानावर आली. शाळा बंद. चुन्याचे चौकोन आखलेले, प्रत्येक चौकोनात एक भाजीवाली. किल्ल्या सांभाळायचं काम माझ्याकडं होतं. पहिल्याच आठवड्यात पालेभाजी विकणाऱ्या आक्का माझ्याकडं आल्या. त्यांना सगळी मंडई आक्काच म्हणते. वीस वर्षं मी त्यांच्याकडून मेथी-कोथिंबीर घेत आले होते. त्यांनी मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली मागितली. मी दिली. दुसऱ्या दिवसापासून ते कुलूप लावायचंच बंद केलं.

पंधरा दिवसांनी आक्का मला म्हणाल्या, "बाई, हितं आल्यापास्नं मी पानी पिती."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. पहाटे साडेचारला टेम्पोनं गावातून निघायचं, लिलावात माल उचलायचा, सहाला मंडईत बसायचं, दुपारी दोन-तीनला उठायचं. इतक्या वेळात पाण्याचा घोट घ्यायचा नाही. कारण मंडईत बायकांना जायला जागाच नाही. पुरुषांची मुतारी आहे, मागच्या भिंतीला. बायकांचं काय, हे कुणी कधी विचारलं नाही. कडक उन्हात उन्हाळी लागायची, लघवीला आग व्हायची, त्या सोसायच्या. पाळीच्या दिवसांत काहीजणी यायच्याच नाहीत, म्हणजे महिन्यातले दोन-तीन दिवस धंदा बुडाला. "पोरीला म्हनलं हुतं, तू ह्या धंद्यात येऊ नको. दुसरं काय नाय, ह्याच्यापायी."

त्या दिवशी घरी येऊन मी सहामाहीच्या जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडला. 'नगरपरिषदेची आवश्यक कामे लिहा.' दिवाबत्ती, पाणीपुरवठा, रस्ते, जन्ममृत्यूची नोंद, सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या. मुलींनी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं आणि मी त्यावर लाल पेननं पूर्ण गुण दिले होते. त्यातल्या दोन मुली मंडईतल्या भाजीवाल्यांच्या. त्यांना उत्तर पाठ होतं, आणि आपल्या आईला पाणी का पिता येत नाही हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटू नयेत, अशा रीतीनं मी इतकी वर्षं शिकवत होते. याचं मला आजही वाईट वाटतं.

मंडई २०२१ मध्ये परत जागेवर गेली आणि आक्कांचं पाणी पिणं थांबलं. तेव्हा मी अर्ज केला. माझ्या एकटीच्या नावानं, चांगल्या शुद्ध मराठीत. नानांची मुलगी असून पोच घ्यायला विसरले. अर्जाचं काही झालं नाही. त्या भागाच्या नगरसेवकांना भेटले. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "बाई, मुद्दा बरोबर आहे. पण त्या बायका बाहेरगावच्या. मतदान तिकडं." त्यांनी हे लपवलं नाही याचं मला बरं वाटलं, कारण त्यामुळं खरी गाठ कुठं आहे ते कळलं. गावाला रोज ताजी भाजी देणाऱ्या बायका गावाच्या मतदारयादीत नाहीत. ज्या खेड्यात त्यांचं मत आहे तिथं त्या फक्त झोपायला जातात. दिवसातले दहा तास त्या जिथं जगतात, तिथं त्यांना कुणीच उत्तरदायी नाही.

'नागरिक' हा शब्द 'नगर' वरून आला, हे मी फळ्यावर लिहून दाखवते. नगर उठायच्या आत पहिल्या टेम्पोनं येऊन ते चालू करणारी बाई नागरिक आहे की नाही, हा प्रश्न मी वर्गात कधी घातला नव्हता.

त्याच वर्षाच्या अखेरीस परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आले. नुसत्या आमच्याच गावात नाही, राज्यभर हेच झालं. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचं आरक्षण, न्यायालयीन लढे यांत निवडणुका लांबत गेल्या. शेवटी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. १९९२ साली संसदेनं केलेली आणि १९९३ च्या जूनपासून लागू झालेली ७४ वी घटनादुरुस्ती सांगते की शहराचा कारभार निवडून आलेल्या मंडळानं चालवावा, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी. आम्ही मात्र जवळजवळ चार वर्षं बिननगरसेवकांची काढली. मला त्याहून जास्त बोचलं ते हे की लोकांना त्यात फारसं काही वाटलं नाही. पाणी येत होतं, कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येत होती. आपण कुणाला तरी प्रश्न विचारू शकत होतो आणि आता विचारू शकत नाही, ही उणीव जाणवायला आधी प्रश्न विचारायची सवय असावी लागते.

२०२२ च्या जूनमध्ये मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. महाराष्ट्रात या कामी अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. मी कागदांच्या प्रती मागितल्या नाहीत, फाईल बघायला मागितली. हे फार थोड्या लोकांना माहीत असतं, म्हणून मुद्दाम सांगते. कायद्यानं आपल्याला कचेरीत बसून मूळ कागद पाहता येतात, टिपणं काढता येतात, आणि पाहणीचा पहिला तास फुकट असतो. महिन्याच्या आत पत्र आलं. एका दुपारी मी नानांच्या जुन्या टेबलाशेजारच्या खुर्चीत फाईल घेऊन बसले.

फाईल पातळ होती. तिच्यात एक ठराव होता. 'मंडई आवारात महिलांसाठी स्वच्छतागृह बांधणे.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. वर्ष २०१३. खाली अभियंत्याचा शेरा, 'जागा निश्चित झाल्यानंतर अंदाजपत्रक सादर करण्यात येईल.' त्यापुढं काही नाही. कोरा पुठ्ठा.

मी तासभर त्या शेऱ्याकडं बघत बसले. कुणी पैसे खाल्ले नव्हते. कुणी विरोध केला नव्हता. नऊ वर्षांत त्या कागदाला एकही शत्रू मिळाला नव्हता, कारण त्याच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं. जागा निश्चित करणं कुणाचं काम, हे त्या शेऱ्यात लिहिलेलं नाही. ते 'झाल्यानंतर' आहे, म्हणजे आपोआप व्हायचं आहे. मराठी कार्यालयीन भाषेतल्या कर्मणी प्रयोगाची मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. 'करण्यात येईल' मध्ये करणारा माणूसच नसतो.

शाळेची सहल रायगडला जाते तेव्हा आम्ही महाडला थांबतो. चवदार तळ्याच्या काठावर मी मुलांना दरवर्षी तीच हकीकत सांगते. मुंबई विधिमंडळानं ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करा. महाडच्या नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस तेव्हा नगरपालिकेत होते, आणि पुढं सत्याग्रहात ते बाबासाहेबांच्या बाजूनं उभे राहिले. ठराव झाला. तळं होतं तिथंच होतं. पण तीन वर्षं त्या पाण्याला कुणी हात लावू शकलं नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत गेले, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्याले. त्यानंतर लोकांवर लाठ्या पडल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

मंडईतल्या मुतारीची आणि महाडची तुलना मी करत नाही. तिथं हजारो वर्षांची जात आडवी होती, माणसांची डोकी फुटली. त्या लढ्याचं मोल या गोष्टीला लावणं अन्याय होईल. पण मी ती हकीकत वीस वर्षं सांगत होते आणि त्यातलं एक वाक्य मला त्या फाईलीसमोर कळलं. ठरावापासून पाण्यापर्यंतचं अंतर कुणाला तरी पायानं चालावं लागतं. आणि चालणाऱ्याला तहान लागलेली असावी लागते. मला लागलेली नव्हती. म्हणून माझा अर्ज कपाटात राहिला.

मी फाईलीतलं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मंडईत आक्कांना वाचून दाखवलं. आजूबाजूच्या सातआठ जणी गोळा झाल्या. ठराव ऐकल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मिरच्यावाल्या म्हणाल्या, "म्हंजी आपल्याला द्यायचं ठरलंय?" त्या विचारण्यात इतकं नवल होतं की मला पुढचं वाचवेना. इतके दिवस त्या मनात मागणी धरून होत्या, आणि आता कळलं की ते त्यांच्या नावावर नऊ वर्षं पडून आहे.

आक्कांनी विचारलं, "आमच्या गावात ग्रामसभा असती. उभं ऱ्हायचं आन् सरपंचाला इचारायचं. हितं काय असतं?"

याचं खरं उत्तर देताना मला अवघड गेलं. खेड्याला ग्रामसभा आहे, शहराला तिच्या तोडीचं काही नाही. महापालिकांसाठी क्षेत्रसभांची तरतूद महाराष्ट्रानं २००९ मध्ये कायद्यात घातली, तीही केंद्राच्या शहर विकास योजनेचा निधी मिळण्यासाठी ती अट होती म्हणून. त्या सभा भरलेल्या पाहिलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात आपल्या भागातली छोटी कामं सुचवता येतात, पदपथ, बाक, दिवे अशी. माझी धाकटी बहीण तिथं राहते, तिनं बसथांब्याजवळच्या बाकासाठी अर्ज भरला होता आणि बाक आला. चांगली गोष्ट आहे. पण आमच्यासारख्या गावात एवढंही नाही. परिषदेची सर्वसाधारण सभा लोकांना खुली असते, मागं बसून ऐकता येतं. आता तर सभाच नव्हती, प्रशासक एकटेच ठराव करत होते.

"तर मग हितं कायच नसतं," आक्का म्हणाल्या. मग थांबून, "आर्ज असतो."

या वेळी अर्ज त्यांनी सांगितला आणि मी लिहिला. मी एक-दोनदा सुधारायला गेले तर त्यांनी अडवलं. 'आम्ही सकाळी सहा ते दुपारी तीन पाणी पीत नाही' हे त्यांचं पहिलं वाक्य. माझ्या पहिल्या अर्जाचं पहिलं वाक्य होतं, 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की'.

सह्यांसाठी दोन दिवस लागले. काहीजणींनी अंगठे दिले, काहींनी हट्टानं सही केली, एकीनं कागद घरी नेऊन नातवाकडून नाव गिरवून घेतलं आणि मग केली. त्रेपन्न झाल्या. मला पुण्याची सार्वजनिक सभा आठवली. २ एप्रिल १८७० ला गणेश वासुदेव जोशी यांनी ती स्थापन केली, ज्यांना पुढं लोक सार्वजनिक काका म्हणू लागले. पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून ती उभी राहिली. तिचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. मी लोकांच्या वतीनं बोलतो असं नुसतं म्हणून भागत नसे, कुठल्या लोकांच्या, ते कागदावर दाखवावं लागे. ना मतदान होतं, ना निवडून दिलेले नगरसेवक, राज्य परक्याचं. अशा वेळी या माणसांनी प्रतिनिधी म्हणजे काय याची व्याख्या स्वतः घडवली. आक्कांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "पन्नास? आपल्या तीन वर झाल्या की."

कचेरीत अर्ज द्यायला आम्ही चौघी गेलो. नानांच्या टेबलावर आता संगणक आहे. तिथल्या तरुण कारकुनानं अर्ज वाचला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या प्रभागातल्या?"

आक्कांनी पिशवीत हात घातला. तिच्यातून त्यांनी लोखंडी तार काढली. किराणा दुकानात बिलं ओवतात तसली वाकडी तार, आणि तिच्यात ओवलेल्या पावत्या. रोज सकाळी बसायच्या जागेचे पैसे घेऊन जातात त्याच्या पावत्या, गुलाबी, पिवळ्या, काही इतक्या जुन्या की अक्षर उडालेलं. वर्षानुवर्षांच्या. तार टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "मी हितली हाय. रोजचे पैसे भरती. मोजा."

त्यानं मोजल्या नाहीत. तो थोडा वेळ त्या तारेकडं बघत राहिला, मग अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून आक्कांच्याच हातात दिली. मी विचारलं, पावत्या कशासाठी ठेवल्या? "मालक सांगून गेले हुते, पैसे दिलेला कागद टाकायचा न्हाय." बस्स एवढंच कारण. त्यांच्या यजमानांना जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

शहरांमध्ये सजग नागरिक म्हणून जे लोक पुढं येतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. खड्ड्यांचे फोटो, झाडांच्या गणना, नदीकाठची आंदोलनं, यांतून खूप काही उभं राहिलंय. पण एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आमच्याच गावातल्या एका सोसायटीनं त्याच काळात सामूहिक निवेदन दिलं होतं, रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्या हटवा म्हणून. तेही नागरिकांचंच निवेदन होतं, त्याच्यावरही आवक क्रमांक पडला. मालमत्ता कर भरणाऱ्याचा आवाज कचेरीला चटकन ऐकू येतो. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेतेच असावेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका असाव्यात, असं तो सांगतो. ती समिती आमच्याकडं कागदावर होती. शहर कुणाचं, हा प्रश्न आपण सोडवल्याशिवाय नागरिकांना जागं करून भागणार नाही, असं मला वाटतं. जागे झालेले लोक पहिल्यांदा कुणाला उठवायला निघतात, ते पाहावं लागतं.

अर्जावर दोन महिने उत्तर आलं नाही. मग आम्ही लोकशाही दिनाला गेलो. तालुक्याला तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, आणि गाऱ्हाणं वैयक्तिक असावं लागतं. म्हणजे माझा अर्ज चाललाच नसता. गाऱ्हाणं आक्कांचं होतं, बोलायचं त्यांनीच. आदल्या रात्री त्यांचा मला फोन आला, की मला जमायचं न्हाय, तुमीच बोला. मी म्हटलं, मी शेजारी बसते. सकाळी त्या नऊवारी नेसून, केसांत अबोलीची वेणी माळून आल्या. अधिकाऱ्यांसमोर पहिली दोन मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. मग त्यांनी समोरच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली. "सायेब, तुमी आता सकाळपास्नं किती येळा पानी प्यालात?"

खोली गप्प झाली. पुढचं त्यांनी सगळं सांगितलं, उन्हाळीसकट. मी मान खाली घालून ऐकत होते. मुंबईत २०११ च्या सुमारास बायकांनी 'राइट टू पी' ही मोहीम सुरू केली, तेव्हा त्यांनी साधी गोष्ट दाखवून दिली होती. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे. त्या मोहिमेबद्दल वाचताना मला वाटायचं, हे जाहीरपणे बोलायला केवढं धाडस लागत असेल. ते धाडस कसं दिसतं ते मी त्या सोमवारी पाहिलं.

जागा पंधरा दिवसांत निश्चित झाली. पैशाचं मात्र अडलं. त्याच महिन्यात गावाच्या प्रवेशाला उजेडाची मोठी अक्षरं उभारायचं काम मंजूर झालं होतं, 'आय लव्ह' आणि पुढं गावाचं नाव. मला नानांनी एकदा सांगितलेली गोष्ट आठवली. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला. फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं त्यांचं म्हणणं. मत टाकायची वेळ आली तेव्हा विरोधात ते एकटेच होते. नाना म्हणायचे, ती सभा ते हरले, पण इतिवृत्तात त्यांचं मत नोंदलं गेलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे. नोंदवहीवर त्यांचा असा विश्वास होता. अक्षरं आमच्या गावातही झालीच. संध्याकाळी पोरं तिथं फोटो काढतात.

स्वच्छतागृहाला वाट मिळाली ती महिला व बालकल्याणाच्या पाच टक्क्यांतून. हा निधी दरवर्षी राखून ठेवावा लागतो, आणि आमच्याकडं तो बहुधा शिवणयंत्रांवर खर्च व्हायचा. आता कुणी मागितला नव्हता म्हणून पडून होता.

या सगळ्यातला मला सर्वांत प्रिय दिवस जागेवर आराखडा दाखवायला अभियंते आले तो. चांगला, मन लावून काम करणारा मुलगा. त्यानं कागद उघडला. दार मासळीच्या ओळीकडं, पुरुषांच्या मुतारीला लागून. आक्कांनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "हितं कोन जाईल?" मग बायकांनी खडू मागितला. मी शाळेतून आणलेला होताच. फरशीवर त्यांनी आपला आराखडा काढला. दार वडाच्या बाजूला, म्हणजे आत जाताना चारचौघांच्या डोळ्यांपुढून जावं लागणार नाही, पण हाकेच्या अंतरावर माणसं असतील. आत खुंटी, कारण गळ्यातली पैशाची पिशवी खाली ठेवता येत नाही आणि हातात धरून बसता येत नाही. कडी आतून, आणि उंचीवर, की बाहेरच्या पोराच्या हाताला फट सापडू नये. पहाटेचा दिवा. पाळीच्या कपड्यासाठी झाकणाचा डबा. एक बैठक खुर्चीची, गुडघे गेलेल्यांसाठी. त्या मुलानं मोबाइलवर फरशीचा फोटो घेतला, आणि नव्या नकाशात यातलं जवळजवळ सगळं आलं. खुर्चीची बैठक आली नाही. ती पुढच्या वर्षी दुसऱ्या अर्जानं आली.

२०२३ च्या दिवाळीआधी दार उघडलं. नारळ कुणी फोडायचा यावर थोडी कुजबुज झाली, तेव्हा आक्कांनी सगळ्यांत म्हाताऱ्या आलंवाल्या आजींना पुढं केलं.

देखरेख अजून चालू आहे, आणि ती बांधण्याहून अवघड आहे. टाकी दोनदा फुटली. सफाईचा ठेका बदलला की आठवडाभर घाण राहते. बायकांनी आपसात पाळी लावली आहे, रोज एकीनं बघायचं, काय बिघडलं ते वहीत लिहायचं. वही दाराच्या आत खिळ्याला टांगलेली असते. ज्यांना लिहिता येत नाही त्या चित्र काढतात. नळाचं चित्र म्हणजे पाणी नाही. माझ्या नववीच्या मुली दर शनिवारी ती वही उतरवून घेतात आणि कचेरीत देऊन पोच आणतात. नागरिकशास्त्राचा प्रकल्प म्हणून त्याचे गुण असतात. यंदा एका मुलीनं प्रकल्पात लिहिलं होतं, 'सरासरी सहा दिवसांनी दुरुस्ती होते. पोच घेतली नसेल तर होत नाही.' तिची आई टोमॅटो विकते.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि आता सभा पुन्हा भरू लागल्या आहेत. मागच्या महिन्यात आक्का शाळेत आल्या, मधल्या सुट्टीत. मंडईच्या मागच्या बोळातला दिवा बंद आहे, पहाटे टेम्पोतून उतरताना एकजण पडली, म्हणून अर्ज लिहिला होता. नातीनं लिहून दिलेला, दोन प्रती, त्रेपन्नच्या जागी आता सत्तर सह्या. मी म्हटलं, तास संपला की येते बरोबर.

"तुमी नका येऊ. तुमची शाळा हाय."

दुपारी मी घरी जाताना मंडईवरून गेले. गिऱ्हाईक नव्हतं. आक्कांनी कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं, हात पदराला पुसला आणि कमरेच्या पिशवीतून घडी काढून दाखवली. आवक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. हात पुरता कोरडा झाला नव्हता. कागद परत घडी करून ठेवताना त्यांच्या अंगठ्याला जांभळी शाई लागली.